नंबर माझा, लढत त्याची!

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे एमएमएत, सलग दहा लढतींत अजिंक्य राहूनही दाराबाहेर ताटकळावं लागतं. दुसरा एखादा हरतो, वर निलंबनही ओढवून घेतो, आणि थेट किताबाच्या लढतीत जाऊन बसतो. हे अपवादानं घडत नाही, नेहमीचंच आहे.

टेनिसला ड्रॉ असतो, क्रिकेटला गुणतक्ता असतो. एमएमएत, त्यातही अमेरिकेतल्या यूएफसी या सगळ्यांत बड्या कंपनीत, कोण कोणाशी भिडणार हे कंपनी ठरवते. किताबाची लढत पाच राउंडांची, फार तर पंचवीस मिनिटांत निकाल. ‘हा त्या लायकीचा होता का?’ ही भांडणं मात्र दहा-दहा वर्षं मिटत नाहीत. त्यातले काही खमंग किस्से इथे देत आहोत. प्रत्येकाच्या शेवटी एकच हिशेब मांडला आहे: या लढतीपायी नंबर कोणाचा गेला?

१. पहिली निवड घरातलीच

१२ नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर. यूएफसीचा पहिला कार्यक्रम. आठ लढवय्ये, एकच रात्र, वजनगट नाहीत, विजेत्याला ५० हजार डॉलर. उभारणीत पुढे होते आर्ट डेव्ही आणि रोरियन ग्रेसी. ग्रेसी म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सूचं घराणं. घरातला सगळ्यांत तगडा गडी रिक्सन, असं जाणकार मानत. पण पिंजऱ्यात उतरवलं सडपातळ रॉयसला. किरकोळ अंगाच्या पोरानं धिप्पाडांना शरण आणलं की घराण्याच्या विद्येची जाहिरात आपोआप होणार होती. झालंही तसंच. रॉयसनं एका रात्रीत तिघांना नमवलं. त्यातला पहिला, बॉक्सर आर्ट जिमरसन, एकाच हातात ग्लव्ह घालून आला होता.

नंबर कोणाचा गेला? रिक्सनचा. सख्ख्या घरात.

२. एक लढत, एक विजेतेपद

सप्टेंबर १९९४, तिसरी यूएफसी. रॉयस पहिली लढत जिंकला, पण इतका दमला की पुढच्या लढतीतून बाहेर पडला. केन शॅमरॉक उपांत्य फेरी जिंकून जखमी झाला आणि त्यानंही माघार घेतली. आता अंतिम फेरीत हॅरल्ड हॉवर्डसमोर उभं करायला माणूसच उरला नाही. राखीव म्हणून बसवलेला नेब्रास्काचा पोलीस स्टीव्ह जेनम ताजातवाना उठला, लढला आणि जिंकला. बाकीचे रात्रभर मार खात होते. हा एका लढतीत स्पर्धेचा विजेता झाला. नियम एकही मोडला नव्हता, हीच गंमत.

नंबर कोणाचा गेला? शॅमरॉकचा. पहिल्या यूएफसीतल्या पराभवाचा रॉयसशी हिशेब चुकता करण्यासाठी तो आला होता, आणि रॉयसच जागेवर नव्हता.

३. जोड लावणारी माणसं

आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानात पहिल्या क्रमांकाची जोड कोणाची, यावर यात्रा कमिटीत रात्र रात्र खल होतो. पैलवानाची तयारी बघायची, त्याच्या नावावर मैदान भरेल का हे बघायचं आणि इनाम कोण देतोय हेही बघायचं. यूएफसीतला मॅचमेकर नेमका हेच करतो. जो सिल्वा यांनी हे काम २०१६पर्यंत वर्षानुवर्षं सांभाळलं. आता शॉन शेल्बी आणि मिक मेनार्ड वजनगट वाटून घेऊन जोड्या लावतात. मोठ्या लढतींवर शेवटचा हात मात्र कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट यांचा.

फेब्रुवारी २०१३पासून यूएफसीची अधिकृत क्रमवारीही आहे. ती पत्रकारांच्या मतांवर ठरते. प्रत्येक वजनगटात विजेता आणि त्याच्याखाली पंधरा नावं. पण पहिल्या क्रमांकाच्या लढवय्याला किताबाची लढत द्यायलाच हवी, असं कोणतंही बंधन कंपनीवर नाही. वाद रंगतो तो या मोकळ्या जागेत.

नंबर कोणाचा गेला? पुढे वाचा, यादी लांब आहे.

४. चौथ्या लढतीत विश्वविजेता

ब्रॉक लेस्नर म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा टीव्हीवरचा राक्षस. यूएफसीत आल्यावर पहिलीच लढत फ्रँक मीरकडून दीड मिनिटात हरला. दुसरी जिंकला. एवढ्या भांडवलावर नोव्हेंबर २००८मध्ये त्याला थेट हेवीवेट विजेत्या रँडी कुटूरशी लढत मिळाली. लेस्नरच्या कारकिर्दीतली ही अवघी चौथी व्यावसायिक लढत. ती त्यानं दुसऱ्या राउंडमध्ये जिंकली.

खरी मौज पुढे आहे. कराराच्या वादात कुटूर बराच काळ बाहेर होता, म्हणून मधल्या काळासाठी हंगामी किताब काढला गेला. तो ब्राझीलच्या अँटोनियो रॉड्रिगो नोगेरानं जिंकला. तोही ज्या रात्री लेस्नर मीरकडून हरला त्याच रात्री. कुटूर परतला तेव्हा हंगामी विजेता समोर उभा होता. कंपनीनं कुटूरची गाठ घालून दिली ती लेस्नरशी.

नंबर कोणाचा गेला? हातात पट्टा असलेल्या नोगेराचा.

५. हरलेल्याला बक्षीस, जिंकलेल्याला प्रतीक्षा

वेल्टरवेटमध्ये जॉनी हेंड्रिक्सचा डावा हात म्हणजे तोफ. जॉन फिचला त्यानं १२ सेकंदांत झोपवलं, जॉश कॉसचेकला हरवलं, मार्टिन कँपमनला ४६ सेकंदांत. आता पाळी विजेत्या जॉर्ज सेंट पिएरची, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

मार्च २०१३मध्ये मॉन्ट्रियलला सेंट पिएरसमोर आला निक डियाझ. डियाझ आधीची लढत कार्लोस काँडिटकडून हरला होता. त्यानंतरच्या चाचणीत गांजाचा अंश सापडला म्हणून वर्षभर निलंबितही होता. पण वैर जुनं होतं, डियाझची जीभ धारदार होती, आणि खुद्द सेंट पिएरलाच त्याला ठोकायचं होतं. हेंड्रिक्सला त्याच कार्यक्रमात काँडिटशी लढवलं. तो तीही लढत जिंकला. अखेर नोव्हेंबरमध्ये त्याला सेंट पिएर मिळाला आणि पंचांच्या विभागलेल्या निर्णयानं तो हरला. त्या निर्णयावर अजून वाद होतो.

नंबर कोणाचा गेला? हेंड्रिक्सचा. परत मिळाला, पण आठ महिन्यांनी.

६. मोडलेलं बोट आणि २७ सेकंद

ऑगस्ट २०१२. लाइट हेवीवेट विजेता जॉन जोन्सचा प्रतिस्पर्धी डॅन हेंडरसन जखमी झाला. कार्यक्रमाला जेमतेम आठ दिवस. चेल सॉनन म्हणाला, मी येतो. जोन्स म्हणाला, मी नाही. परिणामी यूएफसी १५१ हा अख्खा कार्यक्रमच रद्द झाला.

तिथे संपायला हवं होतं. पण सॉननची जीभ ही वेगळीच चीज आहे. मिडलवेटच्या किताबासाठी अँडरसन सिल्वाकडून तो नुकताच हरला होता, तरी वरच्या वजनगटात थेट जोन्ससमोर त्याला उभं केलं. आधी टीव्हीवरच्या रिअॅलिटी शोमध्ये दोघं प्रशिक्षक, मग एप्रिल २०१३मध्ये लढत. जोन्सनं पहिल्याच राउंडमध्ये त्याला चेचलं. राउंड संपायला २७ सेकंद उरले असताना पंचांनी लढत थांबवली. नंतर पिंजऱ्यातच मुलाखत चालू असताना दिसलं, जोन्सच्या पायाचं बोट मोडून वाकडं झालं होतं. तो राउंड पुरा झाला असता, तर डॉक्टरांनी जोन्सला पुढे लढू दिलं असतं का? नसतं दिलं तर पट्टा सॉननचा. मार खाऊन विश्वविजेता होण्यापासून गडी अर्ध्या मिनिटावर होता!

नंबर कोणाचा गेला? लिओटो माचिडाचा. त्यानं फेब्रुवारीत हेंडरसनला हरवून दावा सांगितला होता. तोवर सॉननची लढत ठरून गेली होती.

७. ‘कधीच नाही’पासून मुख्य लढतीपर्यंत

यूएफसीत बायका कधी लढणार? २०११मध्ये एका कॅमेऱ्यासमोर डेना व्हाइट यांनी उत्तर दिलं होतं: कधीच नाही. दोनच वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०१३ला, राँडा राउझी आणि लिझ कारमूश यांची लढत कार्यक्रमाची मुख्य लढत होती.

मधल्या दोन वर्षांत काय झालं? स्ट्राइकफोर्स नावाच्या संघटनेत लढणाऱ्या राउझीच्या खाती सगळ्या कारकिर्दीत मिळून अवघे चार विजय होते, तेही वरच्या वजनगटात. बीजिंग ऑलिंपिकची ज्युदोतली ही कांस्यपदकविजेती माइकवर येऊन म्हणाली, मला विजेती मिशा टेटच हवी. रांगेत सारा कॉफमन होती. राउझी-टेट वैराला प्रेक्षक मिळतील हे स्पष्ट होतं, म्हणून लढत राउझीला मिळाली. मार्च २०१२मध्ये तिनं टेटचा हात पिरगाळून पट्टा घेतला.

नंबर कोणाचा गेला? कॉफमनचा. पाच महिन्यांनी तिची पाळी आली आणि ५४ सेकंदांत संपली.

८. शोमधले दोन विजेते: एक वजनात नापास, दुसरा विश्वविजेता

‘द अल्टिमेट फायटर’ या रिअॅलिटी शोचं चौथं पर्व उतरणीला लागलेल्या जुन्या लढवय्यांसाठी होतं. बक्षीस थेट किताबाची लढत. क्रमवारी वगैरे बाजूला. टीव्हीवर जिंका आणि विजेत्यासमोर उभे राहा. दोघं जिंकले. ट्रॅव्हिस लटरला अँडरसन सिल्वा मिळाला, पण लटर वजनातच नापास झाला आणि लढत किताबाची राहिलीच नाही. वर तो हरलाही.

दुसरा मॅट सेरा. एप्रिल २००७मध्ये त्याच्यासमोर होता सेंट पिएर. ही जोड म्हणजे थट्टा आहे, असं भलेभले म्हणाले. सेरानं पहिल्याच राउंडमध्ये सेंट पिएरला ठोकून पट्टा नेला. एमएमएतल्या सगळ्यांत धक्कादायक निकालांच्या यादीत हे नाव आजही वर असतं.

नंबर कोणाचा गेला? रांगेतल्या सगळ्यांचाच थोडाथोडा. पण निकाल असा लागला की कोणी तक्रार करायला धजावेना.

९. सिनेमाच्या सेटवरून विश्वविजेतेपदाकडे

मायकेल बिस्पिंग २००६पासून यूएफसीत. मोठ्या लढतीच्या उंबरठ्यावर येऊन हरायचा, असा त्याचा लौकिक. त्यातच एका डोळ्याची दृष्टी गेलेली. जून २०१६च्या किताबाच्या लढतीआधी ख्रिस वाइडमन जखमी झाला आणि १७ दिवसांवर आलेल्या या लढतीसाठी फोन आला बिस्पिंगला. तो तेव्हा कॅनडात विन डिझेलबरोबर सिनेमाचं चित्रीकरण करत होता. समोरचा विजेता ल्यूक रॉकहोल्ड त्याला आधी सहज हरवून बसलेला. बिस्पिंगनं पहिल्याच राउंडमध्ये रॉकहोल्डला आडवं केलं.

पहिला बचाव कोणाविरुद्ध? ४६ वर्षांच्या, क्रमवारीत तेराव्या असलेल्या डॅन हेंडरसनविरुद्ध. कारण २००९मध्ये हेंडरसननं बिस्पिंगला भयंकर पद्धतीनं बेशुद्ध केलं होतं, आणि त्याची परतफेड मँचेस्टरच्या घरच्या प्रेक्षकांसमोर विकली जाणार होती. बिस्पिंग दोनदा खाली पडून गुणांवर जिंकला. पुढच्या वर्षी आला सेंट पिएर: चार वर्षं निवृत्त, आणि या वजनगटात आधी एकही लढत नाही! त्यानं बिस्पिंगचा गळा आवळून पट्टा घेतला आणि महिन्याभरानं सोडूनही दिला.

नंबर कोणाचा गेला? रोनाल्डो ‘जाकारे’ सूझाचा. इतकी वर्षं वरच्या फळीत राहूनही यूएफसीच्या किताबासाठी तो एकदाही लढला नाही.

१०. पाचदा ठरलं, पाचदा मोडलं

लाइटवेटमध्ये खबीब नुर्मागोमेडोव्ह आणि टोनी फर्ग्युसन. दोघांच्या लायकीबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. म्हणून की काय, ही लढत कधी झालीच नाही. २०१५मध्ये खबीबची बरगडी दुखावली. २०१६मध्ये फर्ग्युसनच्या फुप्फुसाचा त्रास. २०१७मध्ये वजन उतरवताना खबीब रुग्णालयात. २०१८मध्ये टीव्ही स्टुडिओत केबलला अडखळून फर्ग्युसनचा गुडघा गेला. बातमी आली १ एप्रिलला, त्यामुळे कित्येकांना ती चेष्टाच वाटली. २०२०मध्ये कोविड आला.

२०१८चा आठवडा तर स्वतंत्र प्रहसन. फर्ग्युसनच्या जागी मॅक्स होलोवे आला, पण वजन उतरवण्याच्या नादात डॉक्टरांनी त्याला अपात्र ठरवलं. अँथनी पेटिसचं नाव पुढे आलं, बारगळलं. पॉल फेल्डरचं आलं, तेही बारगळलं. अखेर सापडला अल आयक्विंटा, जो लढतींबरोबर लाँग आयलंडवर घरं विकण्याचा धंदाही करायचा. त्याचं वजन किताबाच्या मर्यादेपेक्षा ०.२ पौंड जास्त भरलेलं. म्हणजे तो जिंकला असता तरी पट्टा त्याला मिळणार नव्हता! हरला, म्हणून प्रश्न मिटला.

नंबर कोणाचा गेला? फर्ग्युसनचा. सलग १२ विजय, हंगामी पट्टा, आणि निर्विवाद किताबासाठी एकही लढत नाही.

११. एका दिवसात पत्ते पुन्हा पिसले

सप्टेंबर २०२२. नेट डियाझच्या करारातली शेवटची लढत. कंपनीनं समोर ठेवला अपराजित खमझात चिमाएव्ह. जाणाऱ्या पाहुण्याला अशी पंगत वाढतात का, अशी ओरड झाली. मग वजनाच्या दिवशी चिमाएव्ह मर्यादेपेक्षा साडेसात पौंड, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलो जड निघाला. चोवीस तास उरलेले. कंपनीनं तीन लढती मोडून नव्यानं जोड्या लावल्या: डियाझ-फर्ग्युसन, चिमाएव्ह-केव्हिन हॉलंड, डॅनियल रॉड्रिगेझ-ली जिंगलियांग. कोणीही नाही म्हणालं नाही. डियाझनं फर्ग्युसनला शरण आणलं आणि हसत बाहेर पडला.

नंबर कोणाचा गेला? कोणाचाच नाही. गंमत म्हणजे घाईत लावलेली मुख्य जोड आधीच्या जोडीपेक्षा जास्त न्याय्य होती.

१२. अकरा दिवसांत सोन्याची खाण

मार्च २०१६मध्ये फेदरवेट विजेता कॉनर मॅक्ग्रेगर लाइटवेटच्या पट्ट्यासाठी राफाएल दोस आन्योसशी लढणार होता. दोस आन्योसचा पाय मोडला. अकरा दिवसांच्या सूचनेवर नेट डियाझ आला. वजन उतरवायला वेळ नव्हता, म्हणून लढत वेल्टरवेटला, किताबाविना. डियाझनं दुसऱ्या राउंडमध्ये मॅक्ग्रेगरचा गळा आवळला आणि रातोरात मोठं नाव झाला. ऑगस्टमधली परतफेडीची लढत मॅक्ग्रेगरनं गुणांवर जिंकली.

नंबर कोणाचा गेला? या दोन लढतींमुळे थेट कोणाचाच नाही. पट्टा पणाला नव्हता. पण या धावपळीत मॅक्ग्रेगरनं फेदरवेटचा पट्टा एकदाही राखायला लढत दिली नाही. १३ सेकंदांत तो गमावलेला जोझे आल्डो परतीच्या लढतीसाठी वाट बघत राहिला. ती कधीच झाली नाही.

१३. नावच छापता येत नाही असा पट्टा

होर्हे मास्विदाल आणि नेट डियाझ हे प्रेक्षकांचे लाडके, पण दोघांपैकी कोणाकडेही किताब नाही. मग कंपनीनं नवाच पट्टा घडवला: बीएमएफ. पूर्ण नावात सणसणीत शिवी आहे, इथे छापता येणार नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढत झाली, ड्वेन ‘द रॉक’ जॉन्सननं मास्विदालच्या कमरेला पट्टा बांधला, प्रेक्षकांत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प बसले होते. पोरखेळ म्हणून नाकं मुरडली गेली. पण एप्रिल २०२४मध्ये याच पट्ट्यासाठी होलोवेनं जस्टिन गेथजीला शेवटच्या राउंडचा एक सेकंद उरला असताना बेशुद्ध पाडलं, आणि थट्टेचा पट्टा एकदम वजनदार झाला.

नंबर कोणाचा गेला? कोणाचाच नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

१४. आग ओकणारा आव्हानवीर

बेलाल मुहम्मद आक्रमक नाही, शिवराळ नाही, लढती गुणांवर जिंकतो. थोडक्यात, पोस्टरवर विकला जात नाही. मे २०२३मध्ये गिल्बर्ट बर्न्सला हरवल्यावर वेल्टरवेट विजेत्या लिऑन एडवर्ड्सचा पुढचा प्रतिस्पर्धी तोच असायला हवा होता. डिसेंबरमध्ये लढत मिळाली कोल्बी कोविंग्टनला. तो मार्च २०२२पासून लढलाच नव्हता आणि आधी दोनदा किताबासाठी हरलेला होता. वर्षारंभी तो लंडनला राखीव म्हणून वजन देऊन आला होता, एवढीच त्याची पुंजी. पत्रकार परिषदेत त्यानं आग ओकली, लढतीत राख निघाली. एडवर्ड्स आरामात जिंकला.

बेलालला जुलै २०२४मध्ये मँचेस्टरला, एडवर्ड्सच्याच देशात, पहाटेच्या वेळी संधी मिळाली. पट्टा घेऊनच तो परतला.

नंबर कोणाचा गेला? बेलालचा. त्यानं तो हिसकावून परत आणला.

१५. हंगामी, पण किती काळ?

नोव्हेंबर २०२३च्या लढतीआधी हेवीवेट विजेता जॉन जोन्स जखमी झाला. घाईघाईत ठरलेल्या लढतीत टॉम अॅस्पिनॉलनं सर्गेई पाव्लोविचला ६९ सेकंदांत झोपवून हंगामी पट्टा जिंकला. हंगामी पट्टा म्हणजे खऱ्या विजेत्याशी लढण्याचं तिकीट, असा समज. जोन्स बरा झाला आणि लढला तो ४२ वर्षांच्या स्टिपे मिओचिचशी, जो २०२१पासून पिंजऱ्यात उतरला नव्हता. अॅस्पिनॉलवर तर हंगामी पट्टाच राखण्यासाठी लढायची वेळ आली. कर्टिस ब्लेड्सला त्यानं एका मिनिटात उरकलं. जून २०२५मध्ये जोन्सनं निवृत्ती जाहीर केली आणि अॅस्पिनॉल न लढताच खरा विजेता झाला. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीला सिरिल गानविरुद्धची पहिली लढत डोळ्यात बोट गेल्यानं निकालाविना संपली. नशीब म्हणतात ते हेच.

नंबर कोणाचा गेला? अॅस्पिनॉलचा, आणि बघायला बसलेल्या आपल्या सगळ्यांचा.

१६. गुणतक्ता लावून बघितला

यावर उपाय नाही असं नाही. पीएफएल या संघटनेनं २०१८पासून चक्क साखळी फेरी आणली. विजयाला ३ गुण. पहिल्या राउंडमध्ये संपवलं तर आणखी ३, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १. गुणांवर बाद फेरी, आणि प्रत्येक वजनगटाच्या विजेत्याला १० लाख डॉलर. तोंडाळपणाला शून्य गुण. न्याय चोख होता, तरी प्रेक्षकांची झुंबड यूएफसीकडेच राहिली. २०२५मध्ये पीएफएलनंही साखळी सोडून सरळ बाद पद्धत धरली.

बॉक्सिंगला निदान कायद्याचा आधार आहे. अमेरिकेत २०००साली महंमद अलीच्या नावानं झालेल्या कायद्यानुसार क्रमवारीचे निकष जाहीर ठेवावे लागतात. एमएमएला तो कायदा लागू नाही. लढवय्यांनी यूएफसीवर मक्तेदारीचा दावा २०१४मध्ये लावला, तो ३७.५ कोटी डॉलरवर मिटला आणि त्या तडजोडीला २०२५मध्ये न्यायालयाची अंतिम मंजुरी मिळाली. पैसे मिळाले, जोड लावण्याची सत्ता जिथल्या तिथे.

नंबर कोणाचा गेला? निदान पीएफएलच्या तक्त्यात तरी कोणाचा नाही.

१७. आपल्या मातीतली गोष्ट

मार्च २०१२मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात, राज कुंद्रा आणि संजय दत्त यांच्या सुपर फाइट लीगचा पहिला कार्यक्रम झाला. मुख्य लढतीत कोण? बॉब सॅप आणि जेम्स थॉम्पसन, दोघंही परदेशी पहाड. नावावर गर्दी खेचायची हा मंत्र आपल्याकडेही पहिल्याच दिवसापासून.

त्याच लीगमधून पुढे आलेला महाराष्ट्राचा भरत खंडारे २०१७मध्ये यूएफसीनं करारबद्ध केलेला पहिला भारतीय ठरला. पदार्पण शांघायला, यूएफसीच्या चीनच्या मुख्य भूमीवरच्या पहिल्या कार्यक्रमात, समोर १९ वर्षांचा सॉन्ग यादोंग. भरत पहिल्याच राउंडमध्ये हरला. तो पोरगा पुढे आपल्या वजनगटात जगातल्या वरच्या फळीत पोचला, यावरून जोड किती अवघड होती ते कळावं. उत्तराखंडच्या अंशुल जुबलीनं ‘रोड टू यूएफसी’ ही बाद स्पर्धा जिंकून फेब्रुवारी २०२३मध्ये करार मिळवला. तिथे बोलबच्चनगिरीला वाव नव्हता. जून २०२४मध्ये उत्तर प्रदेशची पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

नंबर कोणाचा गेला? आपला तर आत्ता कुठे लागतोय.

तर मग निकाल काय?

वरच्या यादीवरून पुन्हा एक नजर फिरवा. मॅक्ग्रेगर-डियाझ, मास्विदाल-डियाझ, होलोवे-गेथजी: प्रचंड गाजलेल्या लढती, अमाप पैसा, आणि रांगेतल्या कोणाचंही थेट नुकसान नाही. कारण त्यांत वजनगटाचा खरा किताब पणाला नव्हता. उलट हेंड्रिक्स, नोगेरा, बेलाल, अॅस्पिनॉल यांच्यावर अन्याय झाला तो किताबच गर्दीच्या हिशेबानं वाटला गेला म्हणून. सेरा आणि बिस्पिंग यांनी बिनहक्काच्या संधीचं सोनं केलं हे खरं, पण लढवय्याच्या हिमतीचं श्रेय जोड लावणाऱ्यानं घेऊ नये.

आमचा निकाल सरळ आहे. वैर विका, परतफेड विका, शिवीचा पट्टासुद्धा विका. तिकीट आम्ही काढू. पण वजनगटाचा किताब विकायला काढू नका. तो ज्याचा नंबर आहे त्यालाच द्या, मग तो माइकवर कितीही कंटाळवाणा बोलो.

आणि वाचकहो, पुढच्या मोठ्या लढतीचं पोस्टर आलं की त्यावर कोण आहे ते बघून झाल्यावर क्रमवारीही उघडा आणि कोण नाही तेही बघा. मग घाला हवा तेवढा वाद.